तहान लागण्याआधीची विहीर

देशात कोठेही धरणीकंप झाला किंवा महापूर आला की आपल्या धर्मग्रामांत काही गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. पुढच्या रविवारी मिस्सानंतर खास दानपेटी फिरते. तरुण मंडळी घरोघर जाऊन कपडे, चादरी, तांदूळ आणि साखर गोळा करतात. धर्मभगिनी औषधांची खोकी भरतात. मृतांसाठी प्रार्थना होते. हे सारे मनापासून केले जाते आणि त्याचा कोणालाही अभिमान वाटावा. या सेवेला तिळमात्र कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एक प्रश्न आम्ही विचारू इच्छितो, आणि तो कटू वाटला तरी विचारणार आहोत. आपत्ती येण्याआधीच्या शांत दिवसांत आपला समाज काय करतो?

आमचे म्हणणे असे की, पूर्वतयारी हीसुद्धा दयेची कृती आहे आणि मदतफेरीपेक्षा तिचे मोल अधिक आहे. मदतफेरी वाचलेल्यांना जगवते. पूर्वतयारी मरणाऱ्यांना वाचवते. ढिगाऱ्याखाली गेलेल्या माणसाला आपल्या चादरीचा उपयोग नसतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या भाषेने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले आहे. तरीही आपली कुदळ-फावडी तहान लागल्यावरच बाहेर निघतात. याचे समर्थन म्हणून जी उत्तरे आम्ही आमच्या सक्करदरा परिसरात वरचेवर ऐकतो, ती येथे एकेक करून तपासून पाहू.

पहिले उत्तर असे : "नागपूर देशाच्या मध्यभागी आहे. येथे समुद्र नाही, हिमालय दूर आहे, ज्वालामुखी तर नाहीच. आपल्याला कसली भीती?"

ज्वालामुखीपुरते हे खरे आहे. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स यांचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस होय. महाराष्ट्राचा बहुतेक प्रदेश व्यापणाऱ्या त्या थरांची पूर्वेकडील कड आपल्या शहरापाशी येते. तो अग्नी केव्हाच विझला आहे. त्याची भीती नागपूरकराने बाळगण्याचे कारण नाही. पण पाषाण थंड झाला म्हणून भूमी निश्चल झाली, असे समजणे हा भाबडेपणा आहे.

द्वीपकल्पाची भूमी अढळ आहे, असे आपल्या देशात दीर्घकाळ शिकवले गेले. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले आणि त्या शिकवणीला पहिला तडा गेला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे त्या पहाटे मरण पावली. गणरायाचे विसर्जन करून थकलेली गावे गाढ झोपेत होती. त्या वेळी जो भूकंपप्रवणतेचा नकाशा प्रचलित होता, त्यात हा भाग पहिल्या म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ च्या नकाशात तो पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला. नकाशा बदलला, पण त्यासाठी आठ हजार जीव खर्ची पडले.

आपल्या उत्तरेला सातपुडा आहे आणि त्यापलीकडे नर्मदेचे खोरे. हे खोरे म्हणजे भूकवचातील एक प्राचीन भेग आहे. २२ मे १९९७ च्या मध्यरात्रीनंतर जबलपूरला याच पट्ट्यात भूकंप झाला. सुमारे चाळीस माणसे दगावली. तो नागपुरातही जाणवला. "जबलपूर कोठे, नागपूर कोठे?" असे कोणी म्हणेल, तर त्याने २६ जानेवारी २००१ आठवावा. त्या सकाळी भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये होता आणि अहमदाबाद तेथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. तरीही अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळून सातशेच्या वर माणसे मरण पावली. त्यांतील कित्येक इमारती नव्या होत्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून वरचा सारा भार बारीक खांबांवर पेलणारी ती घरे होती. जुनी, साधी घरे शेजारी उभी राहिली आणि नव्या इमारती बसल्या.

आता सक्करदऱ्याकडे पाहा. भोसलेकालीन तलाव, बुधवार बाजार, आयुर्वेद महाविद्यालय आणि उमरेड मार्ग यांच्या आसपास पसरलेली ही आपली वस्ती. विटा-मातीच्या भिंती आणि कवेलूंची छपरे असलेली जुनी घरे काही प्रमाणात अजून उभी आहेत. त्यांच्या शेजारी, एका मजल्याच्या हिशेबाने घातलेल्या पायावर, मुलाच्या लग्नाच्या वेळी दुसरा मजला चढवलेली घरे आहेत. नातवंडे झाल्यावर त्यावर पत्र्यांची खोली येते आणि पत्र्यांवर पाण्याची टाकी. पलीकडे, तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवलेल्या नव्या इमारती आहेत. भूमी काळ्या मातीची असली, तर ती उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते, आणि भिंतींना तिरप्या भेगा पाडते. त्या भेगांत आपण सिमेंट भरतो, वर गिलावा करतो, नाताळच्या आधी रंग देतो आणि घर नवे झाले असे मानतो. मिस्त्रीने खांबातल्या सळ्यांना रिंगा किती अंतराने बांधल्या आणि त्यांची टोके आत वळवली की तशीच सोडली, हे विचारणारा घरमालक आम्हांला क्वचितच भेटला आहे. फरशीचा रंग मात्र प्रत्येकाने स्वतः निवडलेला असतो.

"बरे, भूकंपाचे सोडा; पूर तर नागपूरला येत नाही," असेही म्हटले जात असे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेने ते म्हणणे कायमचे बंद केले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि ज्या नाग नदीला आपण नाला म्हणून नाक मुरडत होतो तिने लोकांच्या शयनगृहांत प्रवेश केला. हजारो घरांत पाणी शिरले, माणसे दगावली, बचाव दलांना होड्या घेऊन शहराच्या रस्त्यांवर उतरावे लागले. नदीने कोणाचे काही हिरावले नव्हते. तिची जागा आपण घेतली होती आणि ती तिने एका पहाटेपुरती परत मागितली. त्या वेळी पाणी पश्चिम नागपुरात अधिक चढले म्हणून दक्षिणेकडच्या वस्त्यांनी निश्चिंत राहावे, असे मुळीच नाही. तलाव, नाले आणि त्यांच्या कडेने आलेली घरे आपल्याकडेही आहेत.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे, कारण ते श्रद्धेचे नाव घेऊन येते. "हे सारे देवाच्या हाती आहे. त्याची इच्छा असेल ते होईल. फार तयारी करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे." काही जण याच्याही पुढे जाऊन कुजबुजतात की, जेथे आपत्ती येते तेथे पाप वाढलेले असते.

असे बोलणाऱ्यांनी लूककृत शुभवर्तमानातील शिलोहाच्या बुरुजाचा प्रसंग पुन्हा वाचावा. बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच उपस्थित केला आणि त्याचे नकारार्थी उत्तरही स्वतःच दिले. मृतांच्या पापांचा हिशेब मांडण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. किल्लारीची माणसे मेली ती पापांमुळे नव्हे. ती मेली दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंतींखाली आणि लाकडांवर रचलेल्या मातीच्या जड माळवदाखाली. भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधणारे, आरपार जाणारे लांब दगड घातले असते आणि दारांच्या वर चारी भिंतींना कवटाळणारा एक पट्टा फिरवला असता, तर त्यांतील कितीतरी घरांनी आपल्या माणसांना बाहेर पडण्याइतका अवधी दिला असता. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. ज्या ज्ञानाच्या आधारे ती घरे बांधली, ते ज्ञान १९९३ च्या आधीही उपलब्ध होते.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या वादाची साक्ष आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लिस्बन शहरातील चर्चे सकाळच्या उपासनेला तुडुंब भरलेली असताना भूमी हादरली. घुमट भाविकांवर कोसळले, वेद्यांवरील मेणबत्त्यांनी व चुलींनी आगी लागल्या आणि जे किनाऱ्याकडे धावले त्यांच्यावर समुद्र चालून आला. गाब्रिएल मालाग्रिदा या येशूसंघीय धर्मगुरूंनी पुस्तिका लिहून बजावले की, हा देवाचा कोप आहे आणि लोकांनी घरे बांधण्याऐवजी पश्चात्ताप करावा. पुढे राजसत्तेने त्यांना जी क्रूर शिक्षा दिली तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्याच वेळी मंत्री पोंबाल यांनी एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी राज्यातील धर्मग्रामांना प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? किती धक्के बसले? किती घरे पडली? समुद्र आधी मागे हटला की पुढे आला? गावोगावच्या धर्मगुरूंनी लिहून पाठवलेली ती उत्तरे आजही भूकंपशास्त्राच्या आरंभीच्या दस्तऐवजांत मोजली जातात. नव्या लिस्बनची घरे आतून लाकडी सांगाडा घालून बांधली गेली. देवाचा कोप मोजण्याच्या भरीला न पडता गावातील पडझड मोजण्याचे काम धर्मग्रामाने केले, तेव्हा त्यातून पुढच्या पिढीचे रक्षण झाले.

याहूनही जवळचे उदाहरण आहे. भूकंपाची तीव्रता मोजण्याची जी मर्काल्ली श्रेणी आपली मुले भूगोलात शिकतात, ती तयार करणारे ज्युझेप्पे मर्काल्ली हे कॅथलिक धर्मगुरू होते. पुढे ते व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. त्यांची श्रेणी भूगर्भातील शक्ती मोजत नाही. माणसे जागी झाली का, भांडी वाजली का, गिलावा पडला का, भिंत ढासळली का, असे प्रश्न ती विचारते. म्हणजे एकाच भूकंपाला भक्कम घरांच्या गावात एक अंक मिळतो आणि कच्च्या घरांच्या गावात दुसरा. आमच्या मते यातच सारे सार आहे. भूमीचे हादरणे आपल्या हाती नाही. त्या हादरण्याला संहार करू द्यायचा की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. मर्काल्ली यांच्या श्रद्धेला त्यांच्या मोजपट्टीने बाधा आली नाही. मग आपल्या श्रद्धेला एका टॉर्चने आणि पाण्याच्या कॅनने कशी येईल?

जगातील दोन ज्वालामुखींची हकीकत या ठिकाणी सांगण्याजोगी आहे. दोन्ही देश बहुसंख्य कॅथलिकांचे. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियात नेवादो देल रुइझ हा ज्वालामुखी उसळला. शिखरावरचे बर्फ वितळून चिखलाचा लोंढा रात्री आर्मेरो गावावर आला आणि वीस हजारांहून अधिक माणसे गाडली गेली. कोणत्या भागाला धोका आहे हे दाखवणारा नकाशा महिनाभर आधी तयार झालेला होता. गाव रिकामे करण्याचा निर्णय मात्र झाला नाही. त्यानंतर सहा वर्षांनी, जून १९९१ मध्ये, फिलिपीन्समधील पिनातुबो त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर उद्रेक पावला. तेथे शास्त्रज्ञांनी वेळेवर इशारे दिले, अधिकाऱ्यांनी ते मानले, हजारो कुटुंबे आधीच हलवली गेली आणि त्यामुळे हजारो जीव वाचले. तेथेही काही शे माणसे मेली. त्यांतील बहुतेक पावसाने भिजून जड झालेल्या राखेच्या भाराने छपरे कोसळल्याने मेली. प्रार्थना आर्मेरोतही झाली होती आणि पिनातुबोच्या पायथ्याशीही. फरक पडला तो ऐकलेल्या आणि न ऐकलेल्या इशाऱ्यामुळे.

तिसरे उत्तर व्यवहारी मंडळींचे. "हे काम सरकारचे आहे. आपल्याजवळ पैसा कोठे आहे?"

सरकारचे काम आहे यात शंका नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असावे आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असावेत, अशी तरतूद केली आहे. आपल्या जिल्ह्याची योजना काय सांगते, आपल्या प्रभागासाठी निवाऱ्याची जागा कोणती, नाल्यांची सफाई जूनआधी झाली का, हे विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. हा हक्क किती जण बजावतात? आणि सरकार कितीही तत्पर असले तरी ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिल्या तासाचे मोल सर्वांत मोठे असते आणि त्या तासात त्याच्याजवळ असतो तो शेजारी. दल येईपर्यंत दगड उचलणारे हात गल्लीतलेच असतात. त्या हातांना काय करावे हे ठाऊक असेल तर माणसे वाचतात. ठाऊक नसेल तर जखमीला चुकीचे उचलून त्याच्या पाठीचा कणा अधिक मोडला जातो.

पैशाविषयी आम्ही स्पष्टच बोलू. वेदीला नवा संगमरवर, सणाला मोठा मंडप, सभागृहाला नवी छत-सजावट यांसाठी आपल्याकडे पैसा उभा राहतो आणि तो आनंदाने दिला जातो. मग ज्या छताखाली रविवारी शेकडो माणसे आणि इतर दिवशी शाळेची मुले बसतात, ते छत अभियंत्याकडून तपासून घेण्यासाठी तो का उभा राहू नये? सजावटीच्या खर्चाचा एक लहानसा वाटा त्याला पुरेल.

शेवटची एक शंका उरते. "अशा गोष्टी बोलल्याने लोक घाबरतात." किल्लारीच्या भूमीने १९९२ मध्येच वारंवार धक्के देऊन सूचना केली होती. लोक घाबरले होते. त्या भीतीला कोणी कामाला लावले नाही, म्हणून ती हळूहळू सवयीत विरून गेली. आम्ही भीतीला घाबरत नाही. निष्क्रिय भीतीला घाबरतो. मुलाला रस्ता ओलांडायला शिकवणारी आई त्याला भिववत नाही.

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून काय करता येईल तेही सांगतो. यात अवघड काहीच नाही.

प्रत्येक शेजारगटाने आपल्या गल्लीची एक वही करावी. कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, हे तीत लिहावे. त्याचबरोबर परिचारिका, गवंडी, वीजतंत्री आणि वाहनचालक कोठे राहतात हेही लिहावे. आपल्या समाजात परिचारिका व शिक्षक पुष्कळ आहेत. हे आपले मोठे धन आहे. वहीत फक्त आपल्या धर्माची घरे नसावीत. भिंत कोसळते तेव्हा ती जात-धर्म विचारत नाही, आणि शेजारी कोण या प्रश्नाचे उत्तर आपल्याला फार पूर्वी मिळालेले आहे.

चर्चची, शाळेची व सभागृहाची इमारत जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावी. दारे बाहेरच्या बाजूस उघडतात का, गर्दीच्या मिस्सावेळी कडेची दारे कुलूपबंद तर नसतात ना, हे पाहावे. वर्षातून दोनदा मिस्सानंतर सर्वांनी शिस्तीने मोकळ्या जागेत येण्याचा सराव करावा. पाच मिनिटांचे काम आहे. वृद्धांना कोण धरणार, मेणबत्त्या कोण विझवणार, किल्ल्या कोणाजवळ असणार, हे त्यातून ठरेल.

घराघरांत उंच कपाट भिंतीला पट्टीने जखडावे. पलंगाच्या डोक्यावरची जड फळी काढावी. रात्री गॅसची कळ बंद करावी. टॉर्च, शिट्टी, पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे आणि महत्त्वाची कागदपत्रे एका पिशवीत दाराजवळ ठेवावीत. भक्कम काँक्रीटच्या घरात असताना धक्का बसला तर जिन्याकडे किंवा बाहेर धावू नये. मजबूत टेबलाखाली बसून डोके सांभाळावे व टेबलाचा पाय घट्ट धरावा. कच्च्या घराच्या दारापाशी असाल तर चटकन मोकळ्यावर यावे. लिफ्ट वापरू नये. ११२ हा मदतीचा क्रमांक आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावा. पुराच्या वेळी विजेचे मुख्य बटण आधी बंद करावे आणि वाहत्या पाण्यातून रस्ता ओलांडू नये. नागपूरच्या पाषाणांचा व जीवाश्मांचा अभ्यास करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहे, ते १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाजवळ रात्री पूर आलेला ओढा ओलांडताना बुडाले. भूमीचे इतके ज्ञान असलेल्या माणसालाही पाण्याने सवलत दिली नाही.

आणि जो कोणी घर बांधतो आहे किंवा त्यावर मजला चढवतो आहे, त्याने मिस्त्रीला दोन प्रश्न विचारावेत : पाया हा भार पेलेल काय, आणि खांबातल्या रिंगा किती अंतराने आहेत? उत्तर देता आले नाही तर अभियंत्याला बोलवावे. त्याची फी घरच्या वास्तूच्या जेवणावळीहून जास्त होत नाही.

नागपूरचा पूर २३ सप्टेंबरचा आणि किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरचा. दोन तारखांच्या मध्ये एक आठवडा येतो. आमची सूचना अशी की, आपल्या धर्मग्रामांनी दरवर्षी हा आठवडा पूर्वतयारीसाठी राखून ठेवावा. पहिल्या दिवशी नाल्यांची पाहणी, मध्ये घरांची व वहीची तपासणी, रविवारी सराव आणि शेवटच्या दिवशी किल्लारीच्या मृतांसाठी मिस्सा. दहा कुमारींच्या दाखल्यातील पाच जणी मूर्ख ठरल्या, त्या दुष्ट होत्या म्हणून नव्हे. वरासाठी त्याही जागेवर आल्या होत्या, दिवे त्यांच्याही हाती होते. तेल तेवढे त्यांनी आधी घेतले नव्हते, आणि मध्यरात्री ते कोणी उसने देऊ शकले नाही.

येत्या सप्टेंबरात आमच्या सक्करदऱ्यातील किती गल्ल्यांची वही तयार झालेली असेल, ते आम्ही मोजणार आहोत. वाचकांनी आपापल्या धर्मग्रामात मोजावे.